मिठाचा पुडा, बीपीचा पट्टा आणि दुपारचे अडीच: पाच महिन्यांच्या नोंदी

17 मे 2025, शनिवार. पहिली पाळी.
जागतिक उच्च रक्तदाब दिन म्हणून आज कंपनीत तपासणी होती. माझं बीपी 152/96 आलं. तपासणाऱ्या मुलीने आकडा दोनदा पाहिला, कार्डावर लाल पेनाने लिहिला आणि "डॉक्टरांना दाखवा हं काका" म्हणाली. काका! वय 46.
मी दोन जिने चढून गेलो होतो, अर्ध्या तासात दोन चहा झाले होते, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधला होता आणि मागे रांगेत आमच्या लाइनची पोरं टिंगल करत उभी होती. मी वीस वर्षं कंपनीच्या क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे. असं रीडिंग कुणी माझ्यासमोर आणलं असतं तर सहीच केली नसती.
तरी दिवसभर डोक्यात अण्णा, माझे वडील, होते. 2009 ला त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा ते 61 वर्षांचे होते. त्याआधी त्यांचं बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं.

18 मे, रविवार.
मेडिकलमधून मशीन आणलं. पट्टा दंडाला नीट बसतो का ते आधी पाहिलं. पट्टा लहान असेल तर आकडा उगाच जास्त दाखवतं, म्हणून खोक्यावर छापलेला घेर आणि टेपने मोजलेला माझा दंड ताडून घेतला. बसतो.
मोजायची पद्धत वहीच्या पहिल्या पानावर लिहिली, कंपनीत मशीनवर वर्क इन्स्ट्रक्शन लावतो तशी. आधी अर्धा तास चहा-तंबाखू-जिने नाहीत. लघवीला जाऊन येणे. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसणे. पावलं जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बोलायचं नाही.
बायकोने वाचून पाहिलं. "शेवटची अट तेवढी कायमची ठेवा."

19 मे, सोमवार.
पाळी संपल्यावर डॉक्टरांकडे गेलो. तिथे 148/94. लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी लिहून दिलं. कोलेस्टेरॉल थोडं वर निघालं, बाकी ठीक. म्हणाले, घरी सात दिवस मोजा, पहिला दिवस सोडा आणि उरलेल्यांची सरासरी आणा. घरी 135/85 च्या आत पाहिजे. दवाखान्यात 140/90 धरतात, घरचा आकडा त्याहून थोडा खालचा.
गोळीचं विचारलं. म्हणाले, एवढ्यात नाही, तीन महिने मीठ, चालणं, झोप आणि वजन यांवर काम करा, मग बघू.
तीन महिने. म्हणजे प्रकल्पच की. वही घातली.

26 मे, सोमवार.
पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय. छत्र्या अजून माळ्यावर.
आठवड्याची सरासरी 144/91.
संध्याकाळी मशीन घेऊन दवाखान्यात गेलो, त्यांच्या यंत्राशी ताडून पाहायला. एकाच हातावर, पाच-पाच मिनिटांनी. फरक दोनचा. खरं सांगायचं तर मशीन चुकीचं निघावं अशी मनातून इच्छा होती. मोजायचं हत्यार बरोबर निघालं. जॉबच, म्हणजे मोजायची वस्तूच, टॉलरन्सच्या, ठरलेल्या मर्यादेच्या, बाहेर आहे.

1 जून, रविवार.
मिठापासून सुरुवात. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा: माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरत नाही. पण जेवणातलं मीठ मोजायचं कसं? रोज ताटाला वजनकाटा लावला तर घरातून बाहेर काढतील.
आंघोळ करताना सुचलं. पुडा 1 किलोचा. आम्ही चार माणसं: आई, मी, बायको, लेक. चौघं 5 ग्रॅमने चालले तर दिवसाला 20 ग्रॅम, पुडा 50 दिवस पुरायला हवा. पुडा फोडल्याची तारीख लिहायची आणि संपल्याची लिहायची, एवढंच काम. पुड्यावर मार्करने आजची तारीख टाकली.

5 जून, गुरुवार.
रीडिंग बाद. आईने कैरीच्या लोणच्याला त्याच पुड्यातलं दोन वाट्या मीठ घेतलं. खडेमीठ संपलं होतं म्हणे.
"आई, त्याच्यावर तारीख लिहिली होती."
"मला काय ठावं, मला वाटलं एक्सपायरी लिवली."

8 जून, रविवार.
नवा पुडा. पुड्याच्या पोटावर मोठ्या अक्षरांत: 8 जून, लोणच्याला नाही. लोणच्यासाठी खडेमिठाची वेगळी पिशवी.
आईचं म्हणणं: "मिठाचा हिशोब मांडतोस व्हय रे! मिठाचा कुणी हिशोब मांडतं का?" बायको गालात हसत होती, पण तिने पुडा डब्यात ओतला नाही, पुड्यासकटच डब्यात ठेवला. तारीख दिसायला पाहिजे ना.

11 जून, बुधवार. दुसरी पाळी.
सकाळी घरी होतो. लेकीचा केकसाठी आणलेला वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि बायकोला म्हटलं, तू रोज करतेस तसंच कर, फक्त कढईत टाकण्याआधी मीठ या वाटीत टाक.
ती आधी चिडली. "मी काय मोजून घालते का? हाताला कळतं." मग तिलाच गंमत वाटायला लागली. पोह्यांसाठी तिने पाच बोटांनी उचललं: 5 ग्रॅम. दुधी भोपळ्याच्या भाजीला 6. कणकेला 4. तिन्ही वेळा काट्यावर पडायच्या आधी मी अंदाज विचारला. तिन्ही वेळा तिने "दोन असेल" म्हटलं. संध्याकाळच्या आमटीचं आणि भाताचं तिनेच मोजून चिठ्ठीवर लिहून ठेवलं: 7 आणि 2.
एकूण 24, म्हणजे माणशी 6. ताक, कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, लोण्याबरोबरचं चिमूटभर हे वेगळंच. आणि आम्ही 'बेतानं खाणारे' म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध!
ठरलं ते असं. भातातलं मीठ बंद, आमटी असतेच वर. कणकेतलंही बंद. भाकरीत कधी घालत नाही आणि ती जातेच ना घशाखाली. आमटीला आणि भाजीला माप पाहिजे म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण स्वच्छ धुऊन मिठाच्या डब्यात टाकलं. काट्यावर पाहिलं, 5 मिलीच्या रेघेपर्यंत भरलं की सुमारे 6 ग्रॅम. आता रेघेच्या अर्ध्यापर्यंत. गो-नो-गो गेज, म्हणजे पास-नापास ठरवायचं माप, तयार.

14 जून, शनिवार.
कणकेत मीठ नसल्याचं चार दिवसांत एकालाही कळलेलं नाही. आमटीचं मात्र पहिल्या घासाला कळलं. आईने ताट सरकवलं. "आजाऱ्याचं जेवण."
बायकोने आज आमसूल एक जास्त टाकलं आणि वरून लसणाची फोडणी. आई काही बोलली नाही. म्हणजे पास.

20 जून, शुक्रवार.
चालणं. याची नोंद लाज वाटून चार दिवस टाळली.
सोमवारी पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा चढलो. सातारकर असून किल्ल्यावर जाऊन सहा वर्षं झाली होती. मंगळाई देवीला नमस्कार केला, खाली गाव ढगात बुडालेलं, फार बरं वाटलं. मंगळवारीही गेलो. बुधवारी उतरताना डांबरी रस्त्यावर गुडघा बोलायला लागला. गुरुवारी पाऊस, आणि गुडघा सुजलेला. मेडिकलमधून दुखायची गोळी आणली, दोन दिवस घेतली.
आज सकाळी 151/95. मीठ कमी केलं आणि आकडा वर! डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "दुखण्याची गोळी घेताय का?" अशा गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी धरून राहतं आणि बीपी वाढू शकतं. मला न विचारता परत घ्यायची नाही, आणि गुडघ्याला आधी विश्रांती द्या, असं सांगितलं.
आमच्या लाइनला बारा पोरं आहेत, कुणाचं काही दुखलं की हीच गोळी खिशातून निघते. मीसुद्धा वाटलीय.

24 जून, मंगळवार.
किल्ला रद्द. मी मॅरेथॉनवाला नव्हे. आमच्याकडे दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन होते, ते बघायला मात्र मी पहिला.
नवी सोय: कंपनीची बस मला राजवाड्याजवळ सोडते. आजपासून पोवई नाक्यालाच उतरायचं आणि तिथून राजपथाने घरी. हलका चढ आहे, पंचवीस मिनिटं लागतात. वेगळे कपडे नकोत, पहाटेचा गजर नको. घरी तर जायचंच असतं. एका बाजूने सव्वीस-सत्तावीस वर्षांची ओळखीची दुकानं, चार जणांना हात करत जातो. संकट एकच, मोती चौकाजवळ कंदी पेढ्यांचा वास.
आठवड्याला किमान 150 मिनिटं चालावं म्हणतात. सहा दिवस गुणिले पंचवीस बरोबर 150. हा हिशोब आधीच का नाही केला?
स्टोअरमधले काका मनगटावरचं घड्याळ दाखवून रोज दहा हजार पावलं मोजतात आणि माझी पंचवीस मिनिटं मोजतच नाहीत. त्यांना सांगितलं, हा दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही, 1965 च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं. काका म्हणाले, "मग काय झालं, माझी तर अकरा होतात." चालू द्या.

6 जुलै, रविवार. आषाढी एकादशी.
उपास. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. आईने सैंधव वापरलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं, की हे तर चालतंच.
नाही चालत. सैंधव मिठातही बहुतेक सगळं तेच सोडियम क्लोराईड. रंग गुलाबी आहे हे बीपीला कळत नाही.
पाकिटावरचं वाचायला शिकलो. मिठात साधारण चाळीस टक्के सोडियम असतं, म्हणून पाकिटावर सोडियम दिलं असेल तर त्याला अडीचने गुणायचं, की मीठ निघतं. घरातल्या फरसाणाच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे 2 ग्रॅम मीठ. दूरदर्शनसमोर बसून एका सामन्यात मी एकटा 100 ग्रॅम संपवतो. पापडाचं तर विचारूच नका, मीठ वेगळं, पापडखार वेगळा, आणि पापडखारातही सोडियमच. खारी, टोस्ट, बटर, सगळीकडे लपलेलं. हे सगळं माझ्या पुड्याच्या हिशोबात येतच नाही. प्रकल्पातली सर्वांत मोठी चूक ही, नोंदवून ठेवतो.
उपाय घरगुती आहे. पापड भाजलेला, आठवड्यातून एकदा, आणि फरसाणाचा डबा टीव्हीच्या खोलीतून उचलून माळ्यावर. शिडी लावून फरसाण काढण्याइतकी भूक अजून तरी लागलेली नाही.

13 जुलै, रविवार.
8 जूनचा पुडा आज सकाळी संपला. 36 दिवस. 1000 भागिले 36 भागिले 4: माणशी 6.9 ग्रॅम. सुरुवातीचे तीन-चार दिवस जुन्या हाताचे होते.
आठवड्याची सरासरी 139/88.
मेव्हण्याने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, "वापर की, सगळा प्रश्न मिटला." त्यात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियमचा असतो. माझ्यापुरतं कदाचित चाललं असतं, पण आईचं क्रिएटिनिन काठावर आहे आणि तिच्या बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एकीने अंगात पोटॅशियम साठू शकतं. डॉक्टरांनी तिच्यासाठी साफ नाही म्हटलं. एका ओट्यावर दोन डबे ठेवले की कधी तरी अदलाबदल होणारच. पाकीट परत दिलं.

17 जुलै, गुरुवार.
कँटीन. टेबलांवर मीठदाण्या असतात. आज जेवताना नुसतं बसून पाहिलं. आमच्या टेबलावरच्या आठांपैकी पाच जणांनी चव न घेताच मीठ शिंपडलं. हात आपोआप जातो, चेहरा मोबाइलमध्ये.
कँटीनच्या मावशींशी बोललो. म्हटलं, मीठदाण्या काढू नका, फक्त काउंटरवर ठेवा. ज्याला पाहिजे तो उठून घेईल. मावशी म्हणाल्या, "तुमच्या नावानं बोंब मारतील साहेब." मारू देत.

18 जुलै, शुक्रवार.
मारली. एक दिवस. उठून मीठ आणणारे तीन.

20 ते 26 जुलै.
नोंद नाही. तिसरी पाळी.

27 जुलै, रविवार.
मागच्या आठवड्याबद्दल आज लिहितो. तिसऱ्या पाळीत माझं सगळं शिस्तीचं नाटक कोसळतं. रात्री दोनला झोप उडवायला चहा, चारला भजी, सकाळी सातला सुटून घरी, आठला अंथरुणात, साडेनऊला खाली रद्दीवाला, अकराला कुकरच्या शिट्ट्या. तुकड्या-तुकड्यांत चार तास झोप. मोजलं तीनदाच, तिन्ही वेळा वरचा आकडा 145 च्या पुढे.
पाळी बदलणं माझ्या हातात नाही. जे हातात आहे ते केलं. खिडकीला जाड चादर. कुकर दुपारी दोननंतर. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, खोलीत येणार नाही. शेवटचा चहा रात्री दोनऐवजी बारालाच, पाळीवर चढतानाच. आणि खाली रद्दीवाल्याला दहा रुपये देऊन सांगितलं, आमच्या गल्लीत साडेनऊला ओरडू नका. त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "आधी सांगायचं ना दादा, झोपलेल्या माणसाला कोण उठवंल."

5 ऑगस्ट, मंगळवार.
आज आईचं मोजलं. 164/90. घाबरलो. मग लक्षात आलं, ती नुकतीच मशेरी लावून उठली होती. जळक्या तंबाखूची पूड ती लग्नाआधीपासून दातांना लावते. अर्धा तास तिला गप्प बसवून पुन्हा मोजलं: 148/84. तेही जास्तच, पण दोन आकड्यांमधलं अंतर तिला दाखवलं. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
"म्हंजी ही मशेरीनं चढतं व्हय?"
सोडणार नाही म्हणाली. दिवसातून तीनदाची एकदा करते म्हणाली. लिहून घेतलं, सहीच्या जागी तिचा अंगठा नको म्हणाली, स्वतःचं नाव लिहिलं.
आईबद्दल एक गोष्ट आजवर नीट पाहिली नव्हती. ती सरकारी दवाखान्याच्या कार्डावर गोळ्या घेते. 2017 साली केंद्राचा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून पहिल्यांदा घेतलेल्या चार जिल्ह्यांत आमचा सातारा होता. सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे बाकीचे तीन. महिन्याच्या गोळ्या मिळतात, कार्डावर पुढची तारीख पडते. आईचं कार्ड पाहिलं. इतक्या वर्षांत एक तारीख चुकलेली नाही. गोळी कधी घेतेस विचारलं तर म्हणाली, तुळशीला पाणी घातलं की. घड्याळ नाही, गजर नाही, मोबाइलमधलं ॲप नाही. तांब्या खाली ठेवला की गोळी.
मी मात्र प्रत्येक सवयीला वही, रेघा आणि मार्कर लावत बसलोय.

21 ऑगस्ट, गुरुवार.
तीन महिने पूर्ण. वजन 78 वरून 75.5. शेवटच्या आठवड्याची सरासरी 136/87. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो, छाती काढून.
त्यांनी सगळी पानं चाळली, मिठाच्या पुड्याचा हिशोब वाचून हसले. मग म्हणाले, "छान काम केलंत. आता गोळी सुरू करू."
मी भांडलो. एका पॉइंटसाठी रिजेक्शन? ते म्हणाले, खालचा आकडाही वर आहे, वडिलांना झटका येऊन गेलाय, कोलेस्टेरॉल वर आहे, तिसरी पाळी सुटणार नाही. हे सगळं केलंत म्हणून कमी ताकदीची एकच गोळी पुरेल. आणि गोळी लागली म्हणून हे सोडायचं नाही.
परत येताना पोवई नाक्याला उतरलोच नाही. राजवाड्यापर्यंत बसमध्ये बसून राहिलो. घरी कुणाशी बोललो नाही. रात्री आईने विचारलं, तेव्हा सांगितलं, एवढं करून शेवटी गोळीच लागली.
"मी धा वरसं खातीया. मी काय हरले व्हय रे?"

27 ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.
तिसरा पुडा 14 जुलैचा, आज संपला. 45 दिवस. माणशी 5.6. नैवेद्याच्या गडबडीत बायकोनेच आठवण केली, "अहो, पुडा संपला, तारीख लिहा." उद्यापासून नवा.
उकडीचे मोदक सहा खाल्ले. त्याचा हिशोब मांडणार नाही.

2 सप्टेंबर, मंगळवार.
गोळी सुरू करून अकरा दिवस. त्यात तीनदा विसरलो. पाळी बदलली की दिवसाचा सांधाच बदलतो: नाश्ता कधी सहाला, कधी अकराला, रात्रीचं जेवण कधी घरी, कधी कँटीनमध्ये. आईसारखी तुळस मला सापडत नव्हती.
आज कागदावर तिन्ही पाळ्यांची वेळापत्रकं एकाखाली एक काढली आणि तिन्हींत मी हमखास जागा असतो अशी वेळ शोधली. पहिल्या पाळीत अडीचला कँटीनचा चहा. दुसऱ्या पाळीला अडीचला घरी, निघायची तयारी. तिसऱ्यात अडीचला नुकताच उठून चहा घेत बसलेला. दुपारचे अडीच! चहा तर तिन्ही ठिकाणी आहेच. डॉक्टरांना विचारलं, रोज ठरलेली एक वेळ असली की झालं म्हणाले.
एक पट्टी डब्याच्या पिशवीत, एक घरच्या चहाच्या डब्याजवळ.

3 सप्टेंबर, बुधवार.
अडीचला कँटीनमध्ये मोबाइल वाजला आणि लगेच बंद झाला. आईचा मिस्ड कॉल. तिला मिस्ड कॉल देता येतो हे मला आज कळलं.

14 सप्टेंबर, रविवार.
आठवड्याची सरासरी 129/82.
कँटीनमध्ये मिसळ घेतली, दोन घासांनी खारट लागली. मावशींना विचारलं, आज मीठ जास्त पडलं का? म्हणाल्या, रोजचंच आहे. जिभेला तीन महिने लागले. आता पूर्वीची मिसळ मी कशी खात होतो कुणास ठाऊक, आणि खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं.
आमच्या लाइनच्या दोघांनी बीपी मोजून घेतलं. त्यातला एक 31 वर्षांचा, 146/98. त्याला वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून दिलं आणि दुखायच्या गोळीचं सांगितलं. बारा जणांची लाइन, दोघंच आले. बाकीच्यांना भीती आहे की लाल पेनाने काही लिहून येईल. मला कळतं ते.
आईची मशेरी: एकदाची दोनदा झाली आहे. तिने स्वतःच सांगितलं, म्हणून लिहिलं.

5 ऑक्टोबर, रविवार.
मागच्या आठवड्यात तिसरी पाळी. या खेपेला सात दिवसांत पाचदा मोजलं. 134/85, 131/84 असं. चादर आणि कुकरचं वेळापत्रक उपयोगी पडतंय. गोळी एकदाही चुकली नाही, मिस्ड कॉल एकदाही चुकला नाही.

18 ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.
फराळ चालू आहे, घरभर तळणाचा वास. चिवड्याला बायकोने झाकणाने मोजून मीठ घातलं, शेवेलाही. लेक म्हणाली, "बाबा, या वर्षी चिवड्याला शेंगदाण्यांची चव लागते."
आठवड्याची सरासरी 127/81.
28 ऑगस्टच्या पुड्याचा आज 52 वा दिवस. माणशी 4.8. तळाशी चमचाभर उरलं होतं, ते आईने चकलीच्या पिठात उलटं करून झटकलं, रिकामा पुडा घडी घालून ओट्यावर ठेवला आणि आतून हाक मारली, "आरं, मार्कर घिऊन ये, तारीख लिवायची हाय."